स्टिपलिंग ब्रश : वापर, धुणं, वाळवणं आणि हळदीचे डाग

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं तिचा स्टिपलिंग ब्रश, म्हणजे ठिपके टिपत फाउंडेशन लावायचा ब्रश, मला देऊन टाकला. "ताई, तुम्हीच ठेवा, माझ्या चेहऱ्यावर नुसते पट्टे उठतात त्यानं." ब्रश चांगला होता, जेमतेम दीड वर्षाचा. बघते तर पांढरी टोकं एकमेकांना चिकटून चार-पाच जुड्या झालेल्या आणि मुळाशी, धातूच्या कडीजवळ, फाउंडेशनचा घट्ट थर बसलेला. दोनदा तेल आणि तीनदा शांपू लावल्यावर तो मोकळा झाला. रात्रभर वाळवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच ब्रशनं तिच्याच चेहऱ्यावर बेस करून दाखवला. ब्रश ती परत घेऊन गेली.

तेव्हापासून मनात होतं की यावर सविस्तर लिहावं. मी सांगलीत अकरा वर्षं नवरीचे मेकअप करते. या ब्रशवर माझा फार जीव आहे आणि इतक्या जणींच्या ड्रॉवरमध्ये तो पडून असतो याचं वाईट वाटतं.

आधी ब्रश नीट बघा. यात दोन उंचीचे केस असतात. खालचे आखूड आणि दाट, बहुतेक वेळा काळे. त्यांच्यातून वर आलेले लांब आणि विरळ, पांढरे. म्हणून याला ड्युओ फायबर असंही म्हणतात. मॅक कंपनीचा १८७ नंबर बऱ्याच जणींनी पाहिला असेल, तो याच जातीचा. पूर्वी त्यात बकरीचे केस आणि कृत्रिम धागे असं मिश्रण असायचं, आता तो पूर्ण कृत्रिम केसांचा येतो. ब्रश तळहातावर हलकेच टेकवला तर फक्त पांढरी टोकं वाकतात. थोडा दाब दिला की काळे केस टेकतात. सगळी गंमत इथेच आहे. पांढरी टोकं विरळ असल्यामुळे रंग कमी उचलतात आणि त्वचेवर बारीक ठिपके ठेवतात. काळे केस ते ठिपके एकमेकांत मिसळतात. कुठल्या केसांनी कधी काम करायचं हे तुमच्या हाताच्या दाबावर ठरतं.

माझी पद्धत अशी. मॉइश्चरायझर लावून पाच-सात मिनिटं थांबते. मटारच्या दाण्याएवढं पातळ फाउंडेशन हाताच्या पाठीवर किंवा स्टीलच्या प्लेटवर घेते. ब्रशची फक्त टोकं त्यात टेकवते आणि प्लेटच्या कोऱ्या भागावर दोन-तीनदा टिपून रंग सगळ्या टोकांवर सारखा करून घेते. मग चेहऱ्यावर. जिथे लाली किंवा डाग जास्त, म्हणजे नाकाच्या बाजू आणि गालांचा मधला भाग, तिथून सुरुवात. ब्रश त्वचेला काटकोनात धरायचा आणि टिपत जायचं, रांगोळीचे ठिपके काढताना हात उचलून पुढे जातो तसं. ओढायचं नाही. चेहराभर ठिपके झाले की त्याच ब्रशनं छोटी छोटी वर्तुळं, अगदी हलकी. दाब बरोबर आहे की नाही याची खूण सांगते : ब्रश फिरताना कातडी हलता कामा नये. कातडी हलली म्हणजे तुम्ही टिपलेलं पुसून काढताय. केसांची कड, जबडा आणि मान यांना शेवटी, ब्रशवर जे उरलं असेल तेवढंच. दुसरा थर सगळीकडे देऊ नका, जिथे गरज आहे तिथेच द्या.

बाटलीतून थेट ब्रशवर फाउंडेशन ओतणं ही सगळ्यात मोठी चूक. ते आखूड केसांत उतरतं आणि तिथेच राहतं. टोकांवर काही येत नाही, म्हणून आपण आणखी ओततो. त्या मुलीच्या ब्रशचं हेच झालं होतं.

क्रीम ब्लशसाठी मात्र याच्यासारखा ब्रश नाही. गडद रंगाचा पावडर ब्लश असेल तरी यानं चुकूनही ढब्बा पडत नाही. फक्त द्रवाचा आणि पावडरचा ब्रश वेगळा ठेवा. ओल्या फाउंडेशनचा ब्रश पावडरीत घातला की लगदा होतो.

धुण्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर तुमचे अनुभव सांगा.


बकुळफुल | सोमवार, रात्री १०.१५

किती छान समजावलंस गं. माझाही ब्रश ड्रॉवरवासी आहे. पण माझी अडचण पट्ट्यांची नाही. मी रोज ऑफिसला जाताना सनस्क्रीन लावते आणि त्यावर फाउंडेशन टिपायला गेलं की मळ निघाल्यासारखे बारीक बारीक गोळे येतात. बोटानं लावलं तर कमी येतात. ब्रशचा दोष की सनस्क्रीनचा?


कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.३२

बकुळफुल, बहुधा दोन्हींचा नाही, मधल्या वेळेचा. सनस्क्रीनला त्वचेवर पापुद्रा धरायला वेळ लागतो. तो अर्धवट ओला असताना त्यावर ब्रश फिरवला की पापुद्रा गुंडाळला जातो. सनस्क्रीन लावल्यावर पंधरा मिनिटं जाऊ दे. तेवढ्यात डबा भर, केस विंचर. मग वर्तुळं न करता फक्त टीप. तरीही गोळे आले तर सनस्क्रीन आणि फाउंडेशन यांचं आपसात जमत नाहीये. एक सिलिकॉनचं आणि दुसरं पाण्याच्या आधाराचं असलं की असं होतं. दोन्हींचा थेंब-थेंब हाताच्या पाठीवर एकत्र करून बघ. फुटलं, दही झालं, तर चेहऱ्यावरही तेच होणार.


तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ७.५०

धागा वाचून राहवलं नाही. मी मेकअपवाला नाही, हौशी रंगभूमीवर रंगभूषा करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं वीसेक वर्षं पेटी सांभाळतोय.

आमच्याकडे ठिपक्यांचं काम फार जुनं. पंचविशीतल्या मुलाला साठीचा करायचा असतो. सुरकुत्यांच्या रेषा ओढल्या तर तिसऱ्या रांगेतूनसुद्धा त्या रेषाच दिसतात. म्हणून आधी सपाट बेस, मग भरड छिद्रांच्या काळ्या स्पंजनं दोन-तीन रंगांचे ठिपके : थोडा तांबूस, थोडा राखाडी, थोडा तपकिरी. जवळून बघाल तर चेहरा डागाळलेला दिसतो. दहाव्या रांगेतून तीच उन्हातान्हात रापलेली कातडी होते. दाढीचे खुंटही तसेच, हनुवटीवर राखाडी ठिपके. खरी त्वचा कधीच एका रंगाची नसते. सपाट एकच रंग फासला की माणूस मेणाचा दिसतो, मग तो रंगमंचावर असो की बोहल्यावर.

कृष्णाकाठताईंनी लिहिलं तसं, पांढरी टोकं त्वचेचा मूळ रंग मधून मधून दिसू देतात. बेस 'त्वचेसारखा' दिसतो त्याचं कारण ते.


रंगरेषा | मंगळवार, दुपारी १.०५

तिसरी_घंटा, अगदी अगदी. आम्हा चित्रकारांचं अर्धं आयुष्य या ठिपक्यांत जातं. फ्रेंच चित्रकार ज्यॉर्ज सुरानं १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये हेच केलं. रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत, शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. शाईच्या चित्रातही सावली रेघांनी दाखवता येते तशी ठिपक्यांनी. वनस्पतींची शास्त्रीय चित्रं बघा, पानाची गोलाई नुसत्या ठिपक्यांच्या दाटी-विरळीवर उभी असते.

स्टेन्सिल ब्रश नावाचा एक आखूड, सपाट माथ्याचा ब्रश आमच्याकडे असतो. तो उभा धरून ठोकायचा. आडवा ओढला की रंग साच्याच्या कडेखाली शिरतो. तुमच्या ब्रशचा हा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. त्याचाही नियम तोच, रंग कमी आणि हात उभा.

केसांबद्दल एक कळकळीचं सांगणं. बाजारात 'नैसर्गिक केस' एवढंच लिहिलेले ब्रश मिळतात. मेकअपच्या ब्रशमध्ये ते सहसा बकरीचे असतात. पण चित्रकलेच्या ब्रशमध्ये आपल्याकडे वर्षानुवर्षं मुंगसाचे केस वापरले गेले आणि त्यासाठी मुंगसं मारली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली मुंगूस संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचा ब्रश विकणं गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात शेरकोट म्हणून गाव आहे, ते ब्रशसाठीच ओळखलं जातं. आपल्या हातात येणारे कितीतरी ब्रश तिथले असतात. तिथल्या प्रामाणिक कारागिरांच्या पोटावर पाय येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणूनच दुकानदाराला कुठले केस आहेत ते विचारा. मुळाकडून टोकाकडे फिकट-गडद-फिकट असे पट्टे असलेला, टोकाला अणकुचीदार तपकिरी ब्रश दिसला तर नक्की विचारा.


चिंचपेटी | मंगळवार, रात्री ११.२०

ताई, मदत हवी आहे आणि तातडीनं हवी आहे.

रविवारी एका नवरीचा मेकअप केला. आदल्या संध्याकाळी तिची हळद झाली होती. तोंड दोनदा धुऊनही कानशिलांपाशी आणि केसांच्या कडेला पिवळेपणा होता. बेस झाला, लग्न लागलं, सगळं छान. घरी येऊन ब्रश बघते तर पांढरी टोकं पिवळी. कपडे धुण्याची वडी होती समोर, म्हटलं चांगला घासून काढू. घासला तर टोकं लाल झाली! गडद, विटकरी लाल. मला वाटलं रक्त आहे की काय. चार वेळा धुतला, फिकट झालंय पण लालसर झाक जात नाही. ब्रश महागाचा आहे, पहिल्या कमाईतून घेतला होता. शुक्रवारी साखरपुड्याची ऑर्डर आहे. फेकावा लागेल का?


लिटमस | मंगळवार, रात्री ११.४८

फेकू नका. घाबरण्यासारखं काही नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सातवीच्या वर्गाला दरवर्षी हाच प्रयोग करून दाखवते. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन. आम्लात आणि साध्या पाण्यात ते पिवळं राहतं, अल्कलीत लाल होतं. कपड्याची वडी चांगलीच अल्कधर्मी असते. हळदीत चुना कालवला की लाल होतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तुमच्या ब्रशवर तेच घडलं.

आता क्रम असा ठेवा. एक वाटी पाण्यात अर्धं लिंबू पिळून फक्त टोकं त्यात हलवा. लाल रंग तुमच्या डोळ्यांदेखत पिवळा होईल. मग साध्या पाण्यानं धुवा. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून ब्रश कोरडा झाल्यावर टोकांना बोटभर खोबरेल लावून पाच मिनिटांनी टिश्यूवर पुसा. टिश्यू पिवळा होईल. दोन-तीनदा करा. नंतर सौम्य शांपू. साबणाची वडी अजिबात नको.

राहिलेली पिवळी छटा ऊन काढेल. कर्क्युमिन उजेडात विघटित होतं. हळदीचा डाग पडलेली साडी आपण उन्हात टाकतोच ना? खिडकीत येणाऱ्या कोवळ्या उन्हात टोकं तासभर ठेवा. तुमच्या ब्रशचे केस कृत्रिम असतील तर एवढ्यानं काही बिघडत नाही. बकरीचे असतील तर ऊन टाळा, ते कोरडे पडून तुटतात.


कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ६.३०

लिटमसताई, तुम्ही किती मोठं काम केलंत. मी हळदीच्याच गावची, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इतकी वर्षं ब्रश पिवळे होत आलेत आणि मी ते उन्हात ठेवत आले, पण कारण आज कळलं.

चिंचपेटी, यात मेकअपच्या बाजूचंही थोडं ऐक. हळदीनंतरच्या नवरीला बेस करताना आधी कापसावर मायसेलर पाणी (मेकअप पुसायचं मिळतं ते) किंवा चार थेंब तेल घेऊन केसांची कड, कानांमागे आणि मान पुसून घ्यायची. मग सौम्य फेसवॉश. कापूस पांढरा निघेपर्यंत ब्रश हातात घ्यायचा नाही. नाहीतर शेडही चुकते. पिवळ्या त्वचेवर जुळवलेली शेड दुसऱ्या दिवशी पूजेला वेगळीच दिसते. म्हणून मी शेड ट्रायलच्या दिवशी ठरवून वहीत लिहून ठेवते आणि लग्नाच्या सकाळी नव्यानं जुळवत बसत नाही.


पागोळ्या | बुधवार, दुपारी ३.१०

रत्नागिरीहून लिहितेय. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ब्रश वाळतच नाही. गेल्या पावसाळ्यात धुऊन कपात उभा ठेवला, चार दिवसांनी कुबट वास. केसांच्या मुळाशी काळे ठिपके दिसले. तेव्हा टाकून दिला. पण दर पावसाळ्यात नवा ब्रश परवडत नाही. धुणंच बंद करावं का चार महिने?


कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.१०

पागोळ्या, धुणं बंद करू नकोस, वाळवण्याची पद्धत बदल. तुझा ब्रश उभा ठेवल्यामुळे गेला. आता धुण्यावर सविस्तर लिहितेच, कारण माझ्या मते ब्रश वापरानं मरत नाहीत, धुण्या-वाळवण्यात मरतात.

ब्रशचा जीव त्या धातूच्या कडीत असतो. केसांची जुडी आत डिंकानं घट्ट केलेली असते आणि त्याच कडीत दांडी बसवलेली असते. कडीत पाणी गेलं की डिंक मऊ पडतो, केस गळायला लागतात, लाकडी दांडी फुगते आणि वाळल्यावर आकसून खुळखुळते. उभा ठेवलेला ओला ब्रश म्हणजे सगळं पाणी त्या डिंकाकडे पाठवणं. म्हणून धुतानाही टोकं खाली आणि वाळवतानाही टोकं खाली किंवा आडवी, हे पाळायचं.

द्रव फाउंडेशनचा ब्रश घरच्या वापरात आठवड्यातून एकदा तरी धुवा. ज्यांना मुरुमं आहेत त्यांनी दर दोन दिवसांनी. व्यवसायात तर प्रत्येक चेहऱ्यानंतर साफ व्हायलाच हवा. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठानं वापरातली सौंदर्यप्रसाधनं तपासली होती. फाउंडेशनचे जे स्पंज जमा केले त्यातले ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडलेले होते, पण तरी वापरात होते. ते स्पंजांबद्दल आहे, तरी ब्रश धुवायला मला तेवढं वाचून पुरे झालं.

धुताना आधी कोरड्या ब्रशच्या टोकांना दोन थेंब तेल. वॉटरप्रूफ किंवा खूप टिकणारं फाउंडेशन नुसत्या शांपूला दाद देत नाही. तेल तळहातावर घेऊन ब्रश त्यात गोल फिरवायचा, रंग सुटून येतो. मग कोमट पाणी. कढत नको, कृत्रिम धागे गरम पाण्यात वाकडे होतात आणि डिंकही सुटतो. नळाखाली टोकं खाली धरून फक्त केस भिजवायचे, कडी कोरडी. तळहातावर लहान मुलांचा शांपू घेऊन त्यात ब्रश हलका फिरवायचा. बोटांच्या चिमटीनं मुळाकडून टोकाकडे ओढत फेस काढायचा. उलटं कधीच नाही. मुळाशी बसलेला थर अंगठ्यानं हळूहळू चोळून सोडवायचा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तिथेच सगळ्या जणी घाई करतात. पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी साबणाची वडी तर वापरूच नये. क्षारांशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो केसांवर पांढरा बसतो. शांपूचं तसं होत नाही. शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्याचं घेतलं तर उत्तम.

आता वाळवणं. सुती पंच्यात किंवा जुन्या मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. पिळायचं नाही. बोटांनी आकार द्यायचा, पांढरी टोकं जुळवून घ्यायची. मग टेबलाच्या कडेवर दांडी ठेवायची आणि केस कडेबाहेर अधांतरी. दांडीवर एखादं पुस्तक ठेवलं की पडत नाही. अशानं चारही बाजूंनी हवा लागते. टॉवेलवर आडवा ठेवला तर खालची बाजू ओली राहते आणि ब्रश चपटा होतो.

कोकणातल्या पावसात पंख्याखाली ठेव. धुण्याची वेळही सकाळची ठेव म्हणजे दिवसभर वारा मिळेल. रात्री धुतलेला ब्रश पावसाळ्यात सकाळपर्यंत वाळत नाही. हेअर ड्रायर गरम हवेवर नको, गार हवेवर लांबून चालेल. पूर्ण वाळल्याशिवाय डबीत किंवा पाकिटात घालू नकोस. मुळाशी चिमटीत धरून बघायचं, गार लागलं तर आत ओल आहे. आणि काळी बुरशी दिसलेला ब्रश टाकलास ते योग्यच केलंस. तो धुऊन चेहऱ्याला लावू नये.


तिसरी_घंटा | बुधवार, रात्री ९.५५

उलटा टांगला तर? आमच्या पेटीत मी दांडीला रबरबँड लावून दोरीवर टोकं खाली करून टांगतो. दौऱ्यावर टेबल मिळत नाही.


कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.०२

काका, फारच उत्तम. पाणी टोकांकडे उतरतं आणि चारी बाजूंनी हवाही लागते. फक्त रबरबँड दांडीला हवा, केसांच्या जवळ नको.


बोहल्यामागे | गुरुवार, दुपारी १२.४०

एका लग्नात नवरी, करवली, दोन्ही आया, काकू, मामी असे सहा-सात चेहरे असतात. मध्ये धुऊन वाळवायला वेळ कुठे? मी सॅनिटायझर मारून पुढे जाते. चालतं का? आणि एका कार्यालयात दुसऱ्या एका ताईंना बघितलं, त्या नुसता टिश्यूला पुसून पुढच्या चेहऱ्याला लावत होत्या.


कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी ४.२५

नुसतं पुसणं पुरेसं नाही. मी स्टिपलिंग ब्रश तीन नेते, नवरीचा एक पूर्ण वेगळा आणि बाकीच्यांसाठी दोन आळीपाळीनं. कामाच्या मध्ये असं करते : आधी टिश्यूवर ब्रश क्लीनरनं रंग काढून घेते, टिश्यू स्वच्छ येईपर्यंत. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा टोकांवर आणि पूर्ण सुकेपर्यंत थांबणं. हा क्रम उलटा नको. फाउंडेशनच्या थराखालच्या जंतूंपर्यंत अल्कोहोल पोचत नाही. ९९ टक्क्यांपेक्षा ७० टक्के चांगलं, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते सावकाश उडतं आणि जंतूंच्या आत शिरतं. हाताचं जेल वापरू नकोस, त्यातला चिकटपणा केसांवर राहतो.

फवारा मारताना आजूबाजूला निरांजन, समई बघ. नवरीच्या खोलीत औक्षणाची तयारी चालू असते आणि अल्कोहोल भुरकन पेट घेतं.


लिटमस | गुरुवार, सायंकाळी ६.५०

एक भर घालते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती ते आठवत असेल. डोळे येण्यामागे ज्या जातीचे विषाणू असतात त्यातल्या बऱ्याच जणांना बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मुख्यतः त्या आवरणावर घाव घालतं, त्यामुळे या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे कुणाचे डोळे आलेले असतील तर फवाऱ्यावर विसंबू नका. ओठावर नागीणीसारखे फोड असतील किंवा पिकलेल्या पुळ्या असतील, तरीही नको.


कृष्णाकाठ | गुरुवार, सायंकाळी ७.१५

त्या साथीत मी स्वतः दोन करवल्यांना नम्रपणे नाही म्हटलं होतं. त्यातल्या एकीच्या आईला राग आला, तो मी सहन केला. डोळे आले असतील तर त्या चेहऱ्याला पेटीतलं काहीच लावायचं नाही. किरकोळ पुळी असेल तर तेवढ्या भागावर कापसाच्या काडीनं रंग टिपून काडी टाकून द्यायची.


बकुळफुल | शुक्रवार, सकाळी ८.४०

एक शंका. माझ्या ब्रशची टोकं गालाला टोचतात. नवीन असल्यापासून. हे सगळ्याच स्टिपलिंग ब्रशचं होतं का?


रंगरेषा | शुक्रवार, सकाळी १०.३०

नाही होत. टोकं कापून एकसारखी केलेली असली की टोचतात. कापलेल्या केसाचं टोक बोथट आणि धारेचं असतं. चांगल्या ब्रशमध्ये टोकाकडे निमुळता होत जाणारा धागा वापरतात. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचं गाव आहे, तिथले कारागीर केसाचं नैसर्गिक टोक कधीच कापत नाहीत. ब्रशचा गोल माथा ते केस रचूनच घडवतात. जपानच्या महिला फुटबॉल संघानं २०११ मध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारनं खेळाडूंचा सन्मान करताना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले होते. आपल्याला तितके महाग ब्रश घेण्याची गरज नाही. दुकानात गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला उभा टेकवून बघायचा. टोचला तर घेऊ नये. केस हलके ओढूनही बघायचं, एखाद-दुसरा निघेल, पण जुडी सुटत असेल तर परत ठेवायचा.


कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी २.००

आणि पांढरी टोकं खरंच पुरेशी लांब आहेत ना ते बघ. स्वस्तातल्या काही ब्रशमध्ये सगळे केस एकाच उंचीचे असतात, फक्त टोकांना पांढरा रंग दिलेला असतो. तळहातावर टेकवल्याबरोबर सगळे एकदम वाकले तर तो स्टिपलिंग ब्रश नाही.


पागोळ्या | शुक्रवार, रात्री ८.२०

टोकं फिस्कटलेली असतील तर परत जुळतात का? प्रवासात पेटीत दबून माझ्या दुसऱ्या ब्रशचं फूल झालंय.


रंगरेषा | शुक्रवार, रात्री ९.०५

कृत्रिम केस असतील तर जुळण्याची बरीच आशा असते. धुतल्यावर ओला असतानाच बोटांनी आकार द्या आणि प्लॅस्टिकची जाळीची नळी मिळते ती दांडीच्या बाजूनं चढवून केसांपर्यंत आणा. टोकांकडून घातली तर केस उलटतात. नळी नसेल तर जाड कागदाची पट्टी सैलसर गुंडाळून दोरा बांधा. तसाच पूर्ण वाळू द्या. दोन-तीन धुण्यांत फरक पडतो. बकरीचे केस मधोमध मोडले असतील तर ते सरळ होत नाहीत.


चिंचपेटी | शनिवार, दुपारी १.१५

लिटमसताई, लिंबाच्या पाण्यात टोकं घातली आणि क्षणात लाल रंग गेला! माझी आठ वर्षांची भाची शेजारी उभी होती, तिनं मला हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. वाटीत मुद्दाम थोडी हळद घेऊन साबणानं लाल, लिंबानं पिवळी. मग तीन वेळा खोबरेल, दोन वेळा शांपू, आणि सकाळी खिडकीत ऊन दाखवलं. अगदी जवळून बघितलं तर किंचित सायीसारखी छटा आहे, बाकी पांढरा स्वच्छ.

कालचा साखरपुडा त्याच ब्रशनं केला. कृष्णाकाठताई, तुम्ही सांगितलं तसं कापूस पांढरा निघेपर्यंत आधी पुसून घेतलं, मटारच्या दाण्याएवढंच फाउंडेशन घेतलं आणि टिपत गेले. अर्धं उरलं प्लेटवर. नवरीच्या आईनं विचारलं, "फाउंडेशन लावलंच नाही का?" मी त्यांना खिडकीच्या उजेडात नेऊन दाखवलं.


कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १.४०

किती आनंद झाला वाचून. भाचीला ब्रश धुवायला आतापासून शिकव. आज ब्रश धुतलास ना?


चिंचपेटी | शनिवार, दुपारी १.४४

रात्रीच धुतला ताई. टेबलाच्या कडेला आहे, दांडीवर शब्दकोश ठेवलाय.